थंडीआधी कोंबड्यांची शेड: पूर्वेचा पडदा, तूस आणि पत्र्याचा घाम

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा) जांबोटीच्या बाजूला घरामागे १५ बाय १० फुटांची पत्र्याची शेड आहे. खाली जांभ्याच्या चिऱ्यांची दीड फूट भिंत, वर जाळी. आत गिरिराज (सुधारित जात) आणि गावठी मिळून ६० कोंबड्या, दिवसा परसात आणि काजूच्या झाडांखाली फिरणाऱ्या. गेल्या वर्षी मार्गशीर्ष-पौषात ९ कोंबड्या गेल्या आणि अंडी निम्म्यावर आली. म्हणून यंदा चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद मारून शेड गच्च करायची, रात्रभर २०० वॅटचा दिवा ठेवायचा, आणि जानेवारीत एक दिवसाची १०० पिल्लं आणायची, असा तुमचा बेत आहे.

प्लास्टिक मारू नका. मोठ्या कोंबड्यांना दिवाही नको. पिल्लांचं गणित अगदी वेगळं आहे, ते शेवटी घेतो.

मी बेळगावजवळ उचगावच्या बाजूला गेली २८ वर्षं कोंबड्या पाळतोय. आधी मांसासाठी ब्रॉयलर, मग अंड्यांसाठी लेअर, आता गिरिराज आणि गावठी. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी नेमकं तेच केलं जे तुम्ही आता करायला निघाला आहात. शेजारचे येऊन सांगायचे, "थंडी लागालीय कोंबड्यांना, गच्च बांधा की!" मी बांधली. जितकी गच्च बांधली तितकी मर वाढली, आणि मर वाढली म्हणून आणखी गच्च बांधली. हे चक्र माझ्या लक्षात यायला दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले.

आपली थंडी किती असते ते आधी बघू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१४ अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात १० च्या खालीही जातो. दुपारी मात्र २८-३० अंश. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि तिच्या अंगावर पिसांची दुलई असते. पिसं फुलवून, मान पंखात घालून दांडीवर बसलेली मोठी कोंबडी ५-६ अंशांतही मजेत रात्र काढते. अट एवढीच की ती कोरडी हवी आणि तिच्या अंगावर थेट वारा नको. तुम्ही ज्या परदेशी चित्रफिती बघितल्या, त्यांत पाणी गोठतं, तुऱ्याला हिमबाधा होऊ नये म्हणून मलम चोळतात. तसलं काही आपल्याकडे होत नाही. आपलं दुखणं म्हणजे दुपार आणि पहाट यांच्यातला १५-१८ अंशांचा फरक, आणि तुमच्या खानापूरच्या पट्ट्यात त्यावर धुकं आणि दव.

आता पाण्याचा हिशेब करा. ६० कोंबड्या दिवसाला १२ ते १५ लिटर पाणी पितात. थोडं अंड्यात जातं, बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत चारांतले तीन हिस्से पाणीच असतं. दिवसभर बाहेर असतात म्हणून निम्मं परसात पडतं असं धरलं, तरी रोज रात्री अर्धी घागर पाणी तुम्ही त्या शेडमध्ये ओतता असं समजा. चारी बाजूंनी प्लास्टिक असेल तर ते पाणी जाणार कुठे? पत्र्याला लागून खाली टपकतं, अंथरलेल्या तुसात, म्हणजे भाताच्या फोलपटात, मुरतं, आणि ओल्या तुसात विष्ठा कुजून अमोनिया सुटतो. कोंबडीच्या श्वासनलिकेत आतून अगदी बारीक केसांची झालर असते. धूळ आणि जंतू वर ढकलून टाकायचं काम ती करते. अमोनियाने ती झालर लुळी पडते. मग सर्दी, डोळ्यांत फेस, रात्रीची घरघर, आणि ज्याला आपले डॉक्टर सीआरडी म्हणतात तो श्वासाचा जुनाट रोग. लोक म्हणतात थंडीने गेली.

तुमच्या ९ कोंबड्या कशा गेल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते कळणं गरजेचं आहे. डोळे चिकटणं, नाक वाहणं, तोंड उघडून श्वास घेणं, आणि एकेक करून महिनाभरात जाणं, असं असेल तर दोष हवेचा आणि ओलीचा. मान वाकडी, पाय लुळे, हिरवट पातळ हगवण, आणि चार-सहा दिवसांत पटापट, असं असेल तर ती मानमोडी, म्हणजे रानीखेत. तिला पडदा बांधून काही होत नाही, लसच लागते. लासोटा आणि पुढे आर टू बी झाली आहे का हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, आणि राहिली असेल तर थंडी वाढायच्या आत करून टाका. आजारी पक्ष्यांना मात्र लस टोचू नका.

एक साधी तपासणी आजच रात्री करा. नऊच्या सुमाराला, कोंबड्या शांत झाल्यावर, दिवा न लावता शेडबाहेर पाच मिनिटं उभ्या राहा आणि नुसतं ऐका. निरोगी शेडमध्ये मधूनच एखादी पुटपुटते, बाकी शांतता. घरघर, शिंक, शिट्टीसारखा आवाज आला तर समजा. मग पहाटे, पडदा उघडायच्या आधी आत जाऊन उकिडव्या बसा, नाक कोंबडीच्या उंचीला न्या. उभं राहून वास कळत नाही, कारण कोंबडी जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर श्वास घेते. डोळे चुरचुरले तर हवा केव्हाच बिघडली आहे. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाऊ नये असं पुस्तकात असतं. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण नाक आहे, आणि ते साधारण त्याच सुमाराला बोलू लागतं. तेही नवख्याचं. रोज आत जाणाऱ्याचं नाक मुर्दाड होतं. म्हणून मी अधूनमधून पाहुण्यांना आत नेतो. ते बिचारे समजतात कोंबड्या दाखवायला नेलं.

आता पडदा. यात दोन चुका मला आपल्या भागात घरोघर दिसतात.

पहिली चूक दिशेची. पावसाळ्यात आपल्याकडे वारा आणि पाऊस पश्चिमेकडून, गोव्याच्या बाजूने येतो. म्हणून सगळे मृगाच्या आधी पश्चिमेला ताडपत्री बांधतात, आणि ती वर्षभर तशीच राहते, फाटेपर्यंत. दिवाळीनंतर वारा फिरतो. थंडीतला तो पहाटेचा झोंबरा वारा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो. म्हणजे थंडीत पश्चिमेची बाजू बंद आणि पूर्वेची उघडी, नेमकं उलटं. शिवाय पश्चिमेचं दुपारचं ऊन, जे तूस वाळवायला हवं, ते अडतं. तेव्हा पहिलं काम, पश्चिमेची ताडपत्री सोडा आणि पूर्व-उत्तरेला लावा.

दुसरी चूक बांधण्याची. आपण पडदा वरच्या वाशाला बांधतो आणि खिडकीच्या पडद्यासारखा गुंडाळून वर घेतो. त्यामुळे हवेसाठी म्हणून जेव्हा उघडतो, तेव्हा तो खालून उघडतो. थंड वारा सरळ कोंबड्यांच्या अंगावर, आणि वरची दमट हवा आहे तिथेच. उलटं करा. पडद्याची खालची कड भिंतीला, जाळीच्या खाली फूटभर येईल अशी पक्की ठोका. वरच्या कडेला बांबू बांधा आणि दोरीने वर ओढायची सोय करा. पूर्ण ओढला तरी वळचणीखाली फूटभर फट राहिली पाहिजे. ती फट चारी बाजूंनी, रात्रंदिवस, कडाक्याच्या थंडीतही उघडी. खालून बंद, वरून उघडं. गरम दमट हवा वर जाते, तिथून निघून जाते, आणि कोंबडीच्या अंगावर झुळूक येत नाही.

कापड कसलं? प्लास्टिकच्या कागदापेक्षा खताची रिकामी पोती धुऊन, उसवून, एकाला एक शिवलेली बरी. त्यांतून थोडी हवा पाझरते आणि ती फुकट मिळतात. बारदान मिळालं तर आणखी चांगलं, पण उंदीर कुरतडतात. वळचण बाहेर फार आलेली नसेल तर पावसाळ्यात ताडपत्री लागेलच, ती गुंडाळून ठेवा, टाकू नका.

फट बरोबर आहे का हे बघायला उदबत्ती घ्या. संध्याकाळी कोंबड्या आत यायच्या आधी, पडदे ओढून, दांडीच्या उंचीला उदबत्ती हातात धरा. धूर सरळ वर गेला पाहिजे. आडवा झाला तर त्या बाजूला कुठेतरी भोक आहे, तिथे झोत येतो. ते बुजवा. मग हात उंच करून उदबत्ती वळचणीजवळ न्या, तिथे धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. दोन्ही जमलं की पडद्याचं काम झालं. विझवून बाहेर आणा, आत तूस आहे.

पडदे संध्याकाळी सूर्य बुडताना ओढायचे, सकाळी ऊन शेडवर आलं की पाडायचे. जांबोटीला धुकं नऊपर्यंत रेंगाळतं, तेव्हा घड्याळाकडे बघू नका, उन्हाकडे बघा. पण एकदा ऊन आलं की पूर्ण पाडायचे. "आज गारठा आहे, राहू दे दिवसभर" हा मोह दर चार दिवसांनी होतो. मोडलात की तूस ओलं.

आता पत्रा. तुमच्या शेडचा खरा दोष तिथे आहे असं मला वाटतं. रात्री स्वच्छ आभाळाखाली पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. खालून कोंबड्यांच्या श्वासाची वाफ वर जाते, त्याला चिकटते, आणि पहाटे चार-पाचला थेंब थेंब गळू लागतं. आमच्याकडे याला पत्र्याचा घाम म्हणतात. ओली पिसं म्हणजे ओली गोधडी, ऊब राहत नाही. जुन्या घरांत हे होत नव्हतं, कारण वर खानापुरी मातीची कौलं होती. कौल थोडं पाणी पितं, आणि दोन कौलांच्या मधून हवा जाते. आपले आजी-आजोबा हवेशीरपणाबद्दल काही बोलत नव्हते, छप्परच ते काम करत होतं.

पत्रा काढून कौलं घाला असं मी सांगणार नाही, खर्च परवडत नाही. दोनपैकी एक करा. सुगी झाली आहे, भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, घरात आहे. पत्र्याच्या वरून चार-सहा बोटं जाडीचं पिंजर पसरा आणि जुनं मासळीचं जाळं किंवा दोऱ्या टाकून वाऱ्याने उडणार नाही असं बांधा. पत्र्याला आभाळ दिसलं नाही की तो तितका गार पडत नाही, घाम निम्म्याहून कमी होतो. हेच पिंजर उन्हाळ्यात उष्णताही अडवतं. मृगाआधी मात्र काढायचं, नाहीतर कुजून पत्रा खातं. दुसरा उपाय आतून. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूची तट्टी किंवा शिवलेली पोती ताणून बांधा. थेंब त्यावर पडतात, कोंबडीवर नाही. पण तट्टी वळचणीच्या फटीला झाकणार नाही हे बघा, आणि वर उंदीर घर करतात, त्यांच्यामागून धामण येते, हेही धरून चाला. मी वरून पिंजर घालण्याच्या बाजूचा आहे.

हे सगळं तुमच्यासाठी, म्हणजे खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम अंगासाठी. अथणी, रायबागकडे हवा कोरडी, वारा जास्त. तिथे पत्र्याला घाम कमी आणि धूळ जास्त. त्यांनी पूर्वेचा पडदा घट्ट करावा आणि तुसावर कधीतरी पाण्याचा हलका हबका मारावा लागतो, जे मी जांबोटीत स्वप्नातही सांगणार नाही. निपाणी-चिकोडी मधली. बाहेरगावचा सल्ला घेताना आपलं गाव घाटाच्या किती जवळ आहे ते आधी बघायचं.

तूस. उन्हाळ्यात दोन-तीन इंच पुरतं, थंडीत चार ते सहा इंच हवं. तुमच्या भागात भाताच्या गिरण्या आहेत, तूस मिळायला अडचण नाही. फक्त कोरडं घ्या आणि दोन उन्हं दाखवून मगच घाला. पिंजर तसंच लांबच्या लांब अंथरू नका, त्याचा थर होतो आणि खाली चिखल. घालायचंच तर दोन-दोन बोटांचे तुकडे करून, तुसात मिसळून. उसाचं चिपाड आणि शेंगांची टरफलं आपल्याकडे भरपूर, पण दोन्हींत ओलीने बुरशी लवकर धरते. ती बुरशी पक्ष्यांच्या, विशेषतः पिल्लांच्या फुप्फुसात जाते आणि मग औषध लागू पडत नाही. खडखडीत कोरडं असेल तर मोठ्यांना चालेल, पिल्लांना नको.

ओल बघायची रीत सोपी आहे. मूठभर तूस खालून उचला, आवळा, मूठ उघडा. लाडू तसाच राहिला तर ओलं. अजिबात धरलं नाही, नुसती धूळ उडाली, तर जास्त कोरडं. किंचित धरून लगेच फुटलं तर बरोबर. रोज सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी मूठ-दोन मूठ जोंधळे तुसावर फेका. त्या उकरून उकरून सगळं वर-खाली करतात, तुम्हाला दाताळं धरायला नको. पाण्याच्या भांड्याखालची जागा तेवढी नेहमी ओली होते. भांडी चार विटांवर जाळी टाकून ठेवा, सांडलेलं पाणी जाळीखाली राहतं. दांडीखाली जी खपली धरते ती आठवड्याला फावड्याने काढा, बाकीचं तूस राहू द्या. सगळं तूस काढून नवं घालायची हौस थंडीत नको. मुरलेल्या जाड तुसात खाली जी कुजण्याची क्रिया चालते तिची थोडी ऊब मिळते.

चुना लोक हमखास टाकतात. १०० चौरस फुटांना किलोभर विरलेला चुना तुसात मिसळला तर ओल कमी होते, हे खरं. पण चुना टाकला की आधी अडकलेला अमोनिया एकदम बाहेर पडतो. म्हणून सकाळी, कोंबड्या बाहेर असताना, सगळे पडदे पाडून मग चुना टाकायचा. संध्याकाळी चुना टाकून पडदे ओढणारे मी बघितले आहेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे डोळे लाल, माणसांचेसुद्धा.

दांड्यांबद्दल थोडं. गावठी आणि गिरिराज दोन्ही दांडीवर बसतात, गिरिराज जडपणामुळे फार उंच चढत नाही, तेव्हा दोन फूट उंची पुरे. एका कोंबडीला ८ इंच धरले तर ६० कोंबड्यांना ४० फूट दांडी लागते. तुमच्या १० फुटांच्या रुंदीत चार दांड्या, फूट-सव्वाफूट अंतराने, सगळ्या एकाच उंचीवर. वर-खाली ठेवल्या की वरच्या जागेसाठी रोज भांडण. गोल बांबूपेक्षा दोन इंच रुंद चपटी पट्टी बरी, कारण तिच्यावर बसली की पोटाची पिसं बोटांवर येतात आणि पाय गार पडत नाहीत. बाजूच्या जाळीपासून फूटभर आत ठेवा. आणि दिवसा दांडीच्या खाचा बघा. लाल पिसवा दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. पौषातली निस्तेज तुऱ्याची, अंडी सोडलेली कोंबडी कित्येकदा थंडीने नाही तर पिसवांनी बेजार असते. उकळतं पाणी ओता, वाळलं की चुन्याचा हात द्या. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, त्या आपल्या आपण लोळतात. निपाणीकडे तंबाखूची भुकटी वापरायची रीत आहे. उवा मरतात, पण तंबाखूचं विष हाताच्या कातडीतूनही अंगात जातं, मी ते घरच्यांना करू देत नाही.

मुंगूस आणि रानमांजर तुमच्याकडे आहेतच. जाळी अर्ध्या इंचाची, आणि नवा पडदा लावताना भिंतीच्या कडेला फट राहिली नाही एवढं बघा.

खाणं. गारठ्यात कोंबडी थोडं जास्त खाते, ऊब आतूनच तयार करायची असते ना. संध्याकाळी आत घेताना प्रत्येकी २० ग्रॅम, म्हणजे तुमच्या ६० ना सव्वा किलो, भरडलेला मका किंवा जोंधळे द्या. दाणे रात्रभर पचत राहतात. याहून जास्त नको, चरबी चढते आणि मूळ खाद्यातलं प्रथिन कमी पडतं. सकाळचं पाणी विहिरीतून ताजं उपसलेलं द्या, ते कोमट असतं. रात्रभर भांड्यात राहिलेलं बर्फासारखं पाणी त्या पीत नाहीत, पाणी कमी म्हणजे खाणं कमी. दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या. पावसाळाभर ओल्या मातीत चरलेल्या पक्ष्यांच्या पोटात जंत असतातच.

अंडी निम्म्यावर आली याचा सगळा दोष थंडीवर टाकू नका. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या जरासा वर असतो, आणि कोंबडी अंडं घालते ते उजेडाच्या तासांवर. शिवाय वर्षाच्या पुढच्या कोंबड्या याच सुमाराला पिसं गाळतात, तेव्हा अंडी बंद. व्यापारी लेअरला सोळा तास उजेड देतात. तुमच्या गिरिराजना चौदा पुरेत. पहाटे साडेचारला ९ वॅटचा एलईडी दिवा लावा, उजाडल्यावर बंद करा. उजेड पहाटे वाढवायचा, संध्याकाळी नाही, कारण संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला की अर्ध्या कोंबड्या अंधारात खाली अडकतात. वेळ रोज तीच हवी, नाहीतर उपयोग नाही. गावठीला हे सगळं करून दोन अंडी जास्त मिळतील, तिच्यासाठी वीज जाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता पिल्लं.

एक दिवसाच्या पिल्लाला पिसं नसतात, नुसती लव असते, आणि आपली ऊब राखायची ताकद पहिले दोन-तीन आठवडे नसते. इथे उष्णता पाहिजेच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. जांबोटीच्या जानेवारीत रात्रीची ऊब चार आठवडे तरी चालू ठेवावी लागेल. १०० पिल्लांना दीड फूट उंच पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल, साधारण पाच-सहा फूट व्यासाचा. गोलच हवा, कोपरा असला की पिल्लं कोपऱ्यात दाटतात आणि खालची गुदमरतात. पिल्लामागे दोन वॅट धरले तर १०० वॅटचे दोन जुने पिवळे दिवे, तुसापासून दीड फुटावर. इथे एलईडी चालत नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. दिवा दोरीने नको, साखळीने किंवा तारेने टांगा. दोरी जळून दिवा तुसावर पडला की काय होतं ते सांगायला नको. तुसावर तीन दिवस कागद, दिवे पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच चालू, म्हणजे खालचं तूसही गरम होतं.

थर्मामीटर ठेवा, पण पिल्लांकडे जास्त बघा. दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट, तर गार पडतंय, दिवा खाली. दिव्यापासून लांब, चोच उघडी, तर गरम, दिवा वर. सगळी एकाच बाजूला, तर पलीकडून झोत येतोय, दिव्याला हात लावू नका, भोक शोधा. सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय ताणून झोपली आहेत, तर तुम्हीही जाऊन झोपा.

रात्री वीज जाते, आणि मग लोक कोळशाची शेगडी आत ठेवतात. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, ५०० पिल्लांच्या लॉटला, वीज गेल्यावर मी तेच केलं. चारी बाजूंनी ताडपत्री होतीच. पहाटे ८३ पिल्लं मेलेली. थंडीने गेली म्हणून मी दुसऱ्या रात्री एकाऐवजी दोन शेगड्या ठेवणार होतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक पिल्लू चिरून दाखवलं. रक्त चेरीसारखं लालभडक. कोळशाच्या विषारी वायूने गेली होती, ज्याला वास नाही, रंग नाही. तुम्ही शेगडी ठेवलीच तर निखारे बाहेर पूर्ण फुलवून, धूर संपल्यावर आत आणा, वरची फट जिथे आहे तिथे फूट-दीड फूट मोकळीच ठेवा, आणि आत माणूस झोपवू नका. त्यापेक्षा चुलीत विटा तापवून, दोन पदरी पोत्यात गुंडाळून गोलात ठेवा, किंवा पाच लिटरच्या कॅनमध्ये गरम पाणी. दोन-तीन तास निघतात. कटकट आहे, रात्री उठावं लागतं.

ब्रॉयलर करणाऱ्यांसाठी एक ओळ. थंडीत पोटात पाणी भरून पक्षी मरतात ना, तेही याच कोंडीने. वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याला गारठ्यात प्राणवायू जास्त लागतो, आणि आपण हवा बंद करतो. हृदयावर ताण येतो, पोटात पाणी उतरतं.

पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस. पाण्यातून देणार असाल तर थंडीत पिल्लं पाणी कमी पितात हे धरून आधी दोन-तीन तास भांडी काढून घ्या, नाहीतर निम्मी लस तशीच राहते.

तुम्ही माझी बहीण असता तर मी जानेवारीत पिल्लं आणू दिली नसती. आपल्याकडे म्हणतातच, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. तोपर्यंत शेडचं हे काम होईल, वरच्या फटीची, पडद्याची तुम्हाला सवय होईल, आणि मग आणलेल्या १०० पैकी ९५ हाताला लागतील. जानेवारीतच हवी असतील तर एक दिवसाची न घेता पाच-सहा आठवड्यांची, पिसं आलेली, लसी झालेली घ्या. महाग पडतात, पण रात्री विटा तापवायला उठावं लागत नाही.

या आठवड्यात पश्चिमेची ताडपत्री सोडून पूर्वेला बांधा, खालची कड ठोकून. पत्र्यावर पिंजर नंतर चढवलं तरी चालेल. आणि रात्री नऊला शेडबाहेर उभं राहून काय ऐकू आलं ते कळवा, त्यावरून लस की हवा ते ठरवू.